निरोपाचे झाड: प्राथमिक शाळा सोडणाऱ्या वर्गाने ते कसे लावावे, कसे जगवावे

प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या वर्गाने आवारात एक झाड लावून जावे, ही कल्पना ऐकताक्षणीच सगळ्यांना आवडते. तिच्या पोटात एक अडचण मात्र दडलेली आहे. ज्यांनी झाड लावले, ती मुले दुसऱ्या दिवसापासून शाळेत नसतात. रोपाला सर्वांत जास्त जपावे लागते ते पहिली दोन-तीन वर्षे, आणि नेमकी तेव्हाच त्याची माणसे निघून गेलेली असतात. वर सुट्टी लागते आणि फाटकाला कुलूप पडते. एका शाळेत असे निरोपाचे झाड मी पाहिले आहे. फलक नवाकोरा होता, त्यावर वर्षाचा आकडा ठळक होता, आणि शेजारी एक वाळकी काटकी उभी होती. लावणारी मुले त्या रस्त्याने जाता-येता ती पाहत असतील, हे मनातून जात नाही.

म्हणून सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते. झाड निरोपाच्या दिवशी लावू नका. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला लावा, वर्षभर त्याच मुलांना ते सांभाळू द्या, आणि निरोपाच्या दिवशी खालच्या वर्गाच्या हवाली करा.

तारीख कशी ठरवावी

तारीख हवामान पाहून ठरवावी, समारंभाची सोय पाहून नव्हे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १० एप्रिल १८७२ रोजी पहिला वृक्षारोपण दिन साजरा झाला. पुढे तो तिथल्या इतर राज्यांतही पसरला, पण प्रत्येकाने आपापल्या ऋतूप्रमाणे वेगळा दिवस निवडला. उबदार फ्लोरिडात तो जानेवारीत येतो, तर थंड मेनमध्ये मे महिन्यात. जपानमध्ये शाळा सोडताना स्मृतिवृक्ष लावण्याची रीत आहे आणि ती तिथे शोभते, कारण तिथले शालेय वर्ष मार्चमध्ये संपते. बऱ्याच भागांत तेव्हा थंडी ओसरत असते आणि झाड लावायला काळ बरा असतो. ज्या प्रदेशात वर्षअखेर म्हणजे रणरणते ऊन, तिथे तीच रीत जशीच्या तशी उचलली तर रोप आठवडाभरही तग धरणार नाही.

ठरलेला पावसाळा असलेल्या उष्ण प्रदेशात पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लागवड करावी. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात पानझडी झाडे पानगळीनंतर, किंवा नवी पालवी फुटण्याआधी लावावीत.

जागा आणि जात

एका वर्गाचे एकच झाड. प्रत्येक मुलाला वेगळे रोप देण्याचा मोह आवरा. तीस रोपांना पाणी घालणारे हात पुढच्या वर्षी मिळत नाहीत, आणि आपले वाळले, मित्राचे जगले, हे दुःख लहान मुलाला उगाच कशाला द्यायचे?

परंपरा म्हणजे दर वर्षी एक झाड, हे धरून पुढच्या दहा-वीस वर्षांचा आराखडा पहिल्याच वर्षी कागदावर काढा. मोठ्या विस्ताराचे झाड इमारतीपासून निदान ६ ते ८ मीटर दूर हवे. वर विजेच्या तारा नकोत, खाली पाण्याचे नळ किंवा सांडपाण्याची वाहिनी नको. खेळाचे मैदान मुलांचेच राहू द्या. आवारात पाचच झाडांची जागा असेल तर ती पाच लावून थांबावे. पुढच्या वर्गांनी परवानगी घेऊन जवळच्या बागेत लावावे, किंवा आधीचे एखादे झाड दत्तक घ्यावे.

जात निवडताना परिसरात आपोआप वाढलेली, जुनी, निरोगी झाडे कोणती आहेत ते पाहा आणि रोपवाटिकेत विचारा. ज्यांच्या फांद्या सहज मोडतात, ज्यांना काटे आहेत किंवा ज्यांचा चीक वा फळ विषारी आहे, अशी झाडे मुलांच्या वावरात नकोत. कण्हेर दिसायला सुंदर, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. दर वर्षी तीच जातही लावू नका. युरोप-अमेरिकेत एल्म नावाच्या झाडांच्या रांगाच्या रांगा एका बुरशीजन्य रोगाने गेल्या. शेजारी सगळी एकाच जातीची झाडे, म्हणून रोगाला वाट सोपी झाली.

रोप मोठे घेण्यापेक्षा गुडघ्याएवढे ते कमरेएवढे घ्या. लहान रोप लवकर रुजते आणि काही वर्षांत मोठ्याला गाठते. मुलांच्या बरोबरीने ते वाढताना दिसते, हा आनंद वेगळाच.

लावण्याचा दिवस

आदल्या दिवशी मोठ्यांनी खड्डा खणून ठेवावा. कुदळ मुलांच्या घोळक्यात चालवायची वस्तू नव्हे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोली मात्र गोळ्याच्या उंचीएवढीच. खोल खणून पुन्हा भरलेली माती नंतर खचते आणि रोप आत जाते. खड्ड्यात पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच साचलेले असेल तर जागा बदला.

मग मुलांची पाळी. हे सगळे त्यांच्या हातांनी होऊ द्या, वेळ लागला तरी चालेल.

१. रोपाला पिशवीसकट भरपूर पाणी पाजावे. पिशवी कापून पूर्ण काढावी. नुसती भोके पाडून तशीच पुरलेली पिशवी हे रोपे मरण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

२. मुळे गोळ्याभोवती गोल गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करावीत. जी सुटत नाहीत ती शिक्षकांनी कापावीत. ती तशीच राहिली तर पुढे खोड जाड झाल्यावर त्यालाच आवळतात, आणि दहा-पंधरा वर्षांचे झाडही ढासळू शकते.

३. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून पातळी पाहावी. खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोड मातीत गाडले तर साल कुजते. सगळ्या पायऱ्यांत चुकू नये अशी ही एक, म्हणून दोन-तीन मुलांना काठीशी वाकून पाहू द्या.

४. खणलेलीच माती परत भरावी. प्रत्येक मुलाने एकेक ओंजळ टाकावी. वर्गात तीस मुले असोत वा साठ, ओंजळ सगळ्यांच्या वाट्याला येते. खड्ड्यात खताचा भरणा करू नये. मुळे त्या गोड कोपऱ्यातच घुटमळतात, बाहेरच्या जमिनीत शिरत नाहीत. माती हाताने दाबावी, पायाने तुडवू नये.

५. भोवती आळे करून एक-दोन बादल्या पाणी सावकाश द्यावे. वर पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

वारा फार असेल तरच काठीचा आधार द्या आणि सुती पट्टीने सैल बांधा. थोडे डोलू दिले तर खोड बळकट होते. भोवती जाळी लावायची ती खेळणाऱ्या मुलांपासून आणि जनावरांपासून वाचवायला.

भाषणे असतील तर झाड लावून झाल्यावर, सावलीत. रोपाची मुळे उघडी ठेवून पाहुण्यांची वाट पाहू नका, ती काही मिनिटांत सुकू लागतात.

वर्षभर

पाण्याच्या पाळ्या लावा, दोघादोघांच्या. घड्याळाच्या ठोक्याला पाणी घालण्यापेक्षा आधी बोट मातीत खुपसून पाहायला शिकवा. बोटभर खोल माती ओलसर लागली तर आज पाणी नको. रोज चुळकाभर घातलेले पाणी वरच राहते, आणि मुळेही वरच राहतात. थोड्या दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे.

एक जाड वही करा. लागवडीची तारीख, जात, उंची, महिन्यातून एकदा माप, पहिले नवे पान, किडीचा हल्ला, सगळे मुलांच्या अक्षरात. आणि सुट्टीत पाणी कोण घालणार हे नावानिशी वहीत लिहून घ्या: शेजारचे पालक, शाळेचे सेवक, कोणीही, पण ठरलेले. 'कोणीतरी घालेल' म्हटले की कोणीच घालत नाही.

रोप मेले तर? लपवू नका, आणि रातोरात दुसरे आणून लावून ठेवू नका, मुले ओळखतात. का मेले ते मुलांसोबत मुळे उकरून पाहा, वहीत लिहा आणि योग्य ऋतूत नवे लावा. यासाठी पहिल्या दिवसापासून त्याच जातीचे एक रोप कुंडीत राखीव वाढवत ठेवलेले बरे.

निरोप आणि हवाली

या दिवशी खणणे-बिणणे काही नसते. सोडून जाणारा वर्ग झाडाभोवती उभा राहतो, शेवटचे माप घेतो, वहीत नोंदवतो, आणि झारी व वही खालच्या वर्गाच्या हाती देतो. जाणाऱ्यांनी शिकवावे, घेणाऱ्यांनी ऐकावे: कोणत्या बाजूने ऊन येते, कोणत्या महिन्यात पाने पिवळी पडली होती, आच्छादन कधी घातले. दहा वर्षांचे मूल दुसऱ्या मुलाला हे सांगते, ते पाहताना शिक्षकांनी मध्ये बोलू नये.

फलक लावायचा तर जमिनीत, खोडापासून हातभर दूर. त्यावर झाडाचे नाव आणि वर्गाचे वर्ष पुरे. खोडाला खिळा ठोकू नका, तार गुंडाळू नका.

वाऱ्यासाठी दिलेली काठी वर्षभरानंतर काढावी. बहुतेक ठिकाणी ते काम निरोपाच्याच आठवड्यात जमते. जाळी मात्र तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत राहू द्या. ती काढायच्या दिवशी लावणाऱ्या वर्गाला निरोप धाडा. ती मुले आता वरच्या शाळेत असतील, उंच झालेली असतील. जाळीच्या गाठी त्यांनाच सोडू द्या, माप त्यांनाच घेऊ द्या, आणि वहीत नोंद त्यांच्याच बदललेल्या अक्षरात होऊ द्या.