फोनवरून सर्वेक्षण करताय? नर्सिंग संशोधनातल्या या चुका टाळा

एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी डिस्चार्ज झालेल्या पेशंटना फोन करायचा, स्क्रीनवरचा प्रश्न वाचायचा, उत्तर ऐकलं की क्लिक. सोपं वाटतं. पण काम बिघडतं ते बहुधा सॉफ्टवेअरमुळे नाही, तर फोन कुणाला, कधी आणि कुणासमोर लागला यामुळे.

केसपेपरवरचा नंबर पेशंटचाच आहे असं धरू नका. पालिकेच्या रुग्णालयात आजीला दाखल करताना नातू स्वतःचा नंबर देऊन मोकळा होतो. फोनवर ‘हो हो, गोळ्या वेळेवर घेते’ म्हणणारा तोच असतो, आणि नोंद मात्र आजीच्या नावावर. ‘कोण बोलतंय?’ ही पहिली स्क्रीन सक्तीची ठेवा. खात्री होईपर्यंत आजाराचं नावही काढू नका.

चाळीतल्या एका खोलीत फोन अनेकदा स्पीकरवर असतो. सासू शेजारी बसलेली असताना सून गर्भनिरोधकाबद्दल काय खरं सांगणार? ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ हे आधी विचारा आणि नाजूक प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असे बांधा.

वेळेचं तर विचारूच नका. सकाळी साडेआठला समोरचा माणूस लोकलच्या दारात लटकतोय, आणि नाइट करून आलेली सिस्टर अकराला गाढ झोपेत आहे. तरी रोज त्याच वेळी फोन लावून शेवटी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून नंबर बंद केला जातो. वेगवेगळ्या वारी, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे प्रयत्न विभागून लावा. नाहीतर नमुन्यात घरी असणारेच भरतात. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, म्हणून संमती डिस्चार्जच्या वेळीच घ्या आणि आदल्या दिवशी एसएमएस करा.

पाच पर्याय एका दमात वाचले की ऐकणारा शेवटचाच धरून बसतो. आधी ‘समाधानी की असमाधानी?’, मग ‘थोडं की खूप?’ असं दोन टप्प्यांत विचारा.

एका उत्तरावरून पुढचा प्रश्न कोणता दाखवायचा, हे सॉफ्टवेअरमध्ये आधी बसवलेलं असतं; तेही तपासा. ‘इन्सुलिन घेता का?’ला ‘नाही’ म्हटल्यावरही ‘सुई कुठे टोचता?’ आलं, तर चूक लगेच कळते. उलट झालं, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्यांचे पुढचे प्रश्न गुपचूप गळले, तर ते थेट विश्लेषणात उघड होतं. प्रत्येक वाटेने खोटी उत्तरं भरून एक्सेलमध्ये काय उतरतं ते आधीच बघा. प्रश्नावली मधेच दुरुस्त केली, तर तारीख टाकून नवी आवृत्ती करा.

‘नकार’, ‘चुकीचा नंबर’, ‘फोन बंद’ यांना वेगवेगळे कोड द्या. सगळं एकाच खान्यात कोंबलं, तर प्रतिसादाचं प्रमाण काढता येत नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.