गिटारसाठी पॉवर अ‍ॅम्प निवडताय? आधी कॅबिनेटची पाठ वाचा

गिटारवाल्यांचं ओझं गेल्या काही वर्षांत बरंच हलकं झालंय. दोघांनी उचलायच्या अ‍ॅम्पच्या जागी मॉडेलर (खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) किंवा प्रीअ‍ॅम्पचं, म्हणजे अ‍ॅम्पच्या सूर घडवणाऱ्या पहिल्या भागाचं, पेडल आलं. हेडफोनवर आवाज झकास लागतो, रेकॉर्डिंगही होतं. मग बँडबरोबर उभं राहायची वेळ येते. समोर बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट असतं, आणि मॉडेलरची वायर त्याला थेट जोडून काहीच होत नाही. मॉडेलरमधून निघतो तो जेमतेम एक-दोन व्होल्टचा सिग्नल, स्पीकरचा कोन (पुढचा कागदी पडदा) हलवायला लागणारा करंट त्यात नसतो. तो करंट पॉवर अ‍ॅम्प देतो.

तो घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" खरं तर तो नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, कॅबिनेट किती ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचं माप) आणि त्यात स्पीकर कोणता. याची उत्तरं हातात आली की अर्धी निवड आपोआप होते.

पायरी १ : घरातच पॉवर अ‍ॅम्प आहे का, बघा

तुमच्याकडे जुना कॉम्बो अ‍ॅम्प (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तर त्याची मागची बाजू आणि वरची पट्टी बघा. "इफेक्ट्स रिटर्न" किंवा "पॉवर अ‍ॅम्प इन" लिहिलेला जॅक असेल, तर त्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प वगळून थेट त्याच्या पॉवर विभागात शिरता येतं. फेंडर हॉट रॉड डिलक्सला तो आहे, बॉस कटाना ५० च्या एमके-२ लाही आहे. मॉडेलरचं आउटपुट तिथे जोडा आणि आठवडाभर वाजवा. काहींचं काम इथेच भागतं. नाही भागलं, तरी नेमकं काय कमी पडतंय हे कानाला कळलेलं असतं, आणि दुकानात ते फार उपयोगी पडतं.

पायरी २ : ओहम

कॅबिनेट फिरवा. जॅकच्या पट्टीवर ४, ८ किंवा १६ ओहम असं छापलेलं असतं. पण सेकंडहँड कॅबिनेटमध्ये आधीच्या मालकानं स्पीकर बदललेला असू शकतो, म्हणून छापील आकड्यावर विसंबू नका. साधा मल्टिमीटर घ्या. स्पीकर केबलचं एक टोक कॅबिनेटला लावा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या शेंड्यावर आणि दांड्यावर मीटरचे दोन्ही प्रोब टेकवा. आकडा छापील आकड्यापेक्षा कमी दिसेल, घाबरू नका. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. ८ ओहमचं कॅबिनेट साधारण सहा-सात दाखवतं, १६ चं बारा-तेरा, ४ चं तीन-साडेतीन. मोजताना कोनावर तळहातानं अगदी हलकं दाबलं की आकडा थरथरतो. थरथरला म्हणजे स्पीकर जिवंत आहे.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते मी माझ्याच पैशानं शिकलो. पहिल्या बँडसाठी मी १०० वॅटचा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प आणला आणि त्याला एक जुनं कॅबिनेट लावलं. घरी आवाज दणदणीत होता. जॅम रूममध्ये ड्रमरनं क्रॅशवर पहिली काठी मारली आणि माझी गिटार गायब झाली. नॉब शेवटपर्यंत फिरवला, तर फक्त फाटका आवाज. अ‍ॅम्पवरचे १०० वॅट ४ ओहमला होते आणि माझं कॅबिनेट निघालं १६ ओहमचं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये ओहम दुप्पट झाले की वॅट ढोबळमानानं निम्मे होतात. म्हणजे ८ ला पन्नास आणि १६ ला जेमतेम पंचवीस. मी पंचवीस वॅटनं ड्रमशी भांडत होतो.

म्हणून जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा सोडा आणि खालच्या बारीक अक्षरांतला "इतक्या ओहमला" हा भाग शोधा. त्याच ओळीत कमीत कमी किती ओहम चालतील तेही असतं. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. अ‍ॅम्पची मर्यादा ४ असेल तर तिसरं जोडायचं नाही.

ट्यूब, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, पॉवर अ‍ॅम्पची रीत वेगळी. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि मागे ४, ८, १६ चे वेगळे जॅक किंवा स्विच असतो. कॅबिनेटशी जुळणारा जॅकच वापरायचा. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करून वाजवायचा नाही. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि ती दुरुस्ती खिशाला चटका देते.

पायरी ३ : आता वॅट, पण स्पीकरला विचारून

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५० च्या जागी १०० वॅटचा घेऊन आवाज दुप्पट होईल, ही आशा सोडून द्या.

स्पीकरची संवेदनशीलता मात्र मोठा फरक पाडते. सेलेशन व्हिंटेज ३० हा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो, त्याच कंपनीचा जी१२टी-७५ देतो ९७. फरक तीनच डेसिबलचा, पण त्याचा अर्थ असा की व्हिंटेज ३० ला ५० वॅटमध्ये जो आवाज निघतो, तो जी१२टी-७५ मधून काढायला १०० वॅट लागतात. वॅटचे पैसे मोजण्याआधी स्पीकर बदलून काय होतं, तेही बघा.

स्पीकर किती झेपवतो, हेही याच वेळी पाहा. व्हिंटेज ३० ची मर्यादा ६० वॅट, सेलेशनच्याच ग्रीनबॅकची २५. चार ग्रीनबॅकचं कॅबिनेट १०० वॅट घेतं, एकटा ग्रीनबॅक नाही घेणार. स्पीकरपेक्षा मोठा अ‍ॅम्प चालतो, नॉबवर हात आवरता येत असेल तर.

माझं मत विचाराल तर, ड्रमबरोबर वाजवायला ट्यूबचे ५० वॅट किंवा ट्रान्झिस्टरचे *तुमच्या कॅबिनेटच्या ओहमला* शंभरेक वॅट घ्या. ट्यूबचे वॅट जादुई नसतात. ट्यूब मर्यादेला पोचल्या की आवाज हळूहळू दाबतात आणि ते कानाला गोड लागतं, म्हणून आपण तिथपर्यंत बिनधास्त वाजवतो. ट्रान्झिस्टर मर्यादेला एकदम कापतो, म्हणून त्याला वर मोकळी जागा ठेवावी लागते. जॅझ किंवा सिनेसंगीताच्या स्वच्छ सुरांना ही जागा आणखी जास्त लागते.

पायरी ४ : ट्यूब, एबी की डी

स्पीकरचे "८ ओहम" सगळ्या स्वरांना सारखे नसतात. गिटारच्या स्पीकरमध्ये ७५ हर्ट्झच्या आसपास तो आकडा उसळी घेतो आणि वरच्या पट्टीतही चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प या चढउताराच्या मागे जातो, तिथे जास्त व्होल्टेज देतो. त्यातून खालचा भरीव ठोका आणि वरची चमक येते. साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प सगळीकडे एकसारखा राहतो. म्हणून हेडफोनवर आवडलेला सूर त्याच्यातून कधी कधी कोरडा वाटतो. पॉवर अ‍ॅम्पवर प्रेझेन्स (वरची चमक) आणि रेझोनन्सचे (खालचा ठोका) नॉब असतील तर हे बरंचसं भरून काढता येतं, म्हणून ते असलेला मिळाला तर सोडू नका.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये दोन वर्ग भेटतात, एबी म्हणजे जुनी रीत आणि डी म्हणजे नवी. क्लास डीचे अ‍ॅम्प हलके असतात आणि कमी तापतात. सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० पेडलबोर्डवर मावतो आणि ४ ओहमला १७० वॅट देतो. ऑरेंजचा पेडल बेबी १०० हा एबी वर्गातला आहे. ट्यूबमध्ये फ्रायेटचे पॉवर स्टेशन किंवा मेसा बूगीचे जुने रॅकवाले अ‍ॅम्प हा वेगळाच आनंद आहे, पण त्यांचं वजन आणि ट्यूब बदलण्याचा खर्च धरून चला. लोकलनं किंवा दुचाकीवरून तालमीला जाणाऱ्याला मी डी वर्गाचाच घ्यायला सांगेन. स्टिरिओ अ‍ॅम्प मात्र दोन कॅबिनेट खरोखर नेणार असाल तरच घ्या.

मांडवातला अ‍ॅम्प चालेल का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण गणपतीच्या मांडवातले अहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर गावोगावी मिळतात. त्यांच्या मागे बहुधा ४, ८, १६ ओहमच्या स्क्रूंशेजारी ७० आणि १०० व्होल्टचेही स्क्रू असतात. ते व्होल्टचे स्क्रू लांबवर टांगलेल्या, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी. ८ ओहमचं गिटार कॅबिनेट १०० व्होल्टला जोडलं तर हिशेबानं ते १,२५० वॅट मागतं. ते ना अ‍ॅम्प देऊ शकतो, ना स्पीकर सोसू शकतो. दोन्हीपैकी एक जातं. ओहमच्या स्क्रूला जोडून, माइकऐवजी ऑक्स इनपुटमधून तो वाजतो. सूर साधा असतो, पण अडल्या वेळी कार्यक्रम पार पडतो.

पायरी ५ : वीज

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मुलीकडून अ‍ॅम्प मागवणार असाल तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. "१००–२४० व्होल्ट" असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं "१२० व्होल्ट" असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो पहिल्या मिनिटाला जाईल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो अ‍ॅम्पच्या वीजवापरापेक्षा चांगला मोठा हवा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. जुन्या वाड्यांत, शाळांच्या सभागृहांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मग गुणगुण येते, आणि तारांवर बोटं असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो. गुणगुण घालवायला अर्थची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. कृपा करून हे कधीही करू नका. त्या पिनेवर तुमचा जीव आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या.

पायरी ६ : जोडणी

पॉवर अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच, पण आतली तार केसासारखी. जोरात वाजवलं की ती गरम होते, आणि ट्यूब अ‍ॅम्पला धोका होतो. स्पीकर केबलवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, अंधाऱ्या स्टेजवर चूक होत नाही.

मॉडेलरमधलं कॅबिनेटचं अनुकरण बंद करा, कारण खरं कॅबिनेट पुढे आहेच. दोन्ही राहिली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. साउंडवाल्याला जाणाऱ्या आउटपुटवर मात्र ते चालू ठेवा. मॉडेलरमधला पॉवर अ‍ॅम्पचा भाग ट्रान्झिस्टरबरोबर चालू आणि ट्यूबबरोबर बंद, अशी सुरुवात करून कानानं ठरवा. चालू करताना पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

दुकानात

स्वतःची गिटार, स्वतःचं मॉडेलर आणि जमलं तर स्वतःचं कॅबिनेट घेऊन जा. कॅबिनेट नेता येत नसेल तर तेवढ्याच ओहमचं मागा. जाड ई तार तळहातानं दाबून वाजवा, मग एक मोकळा स्वच्छ कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत ऐका. नंतर दुकानदाराला विनंती करून कोणालातरी शेजारच्या ड्रमवर बसवा आणि आवाज त्याच्या बरोबरीला आणा. आता नॉब पाहा. घड्याळाच्या काट्यासारखा तो बाराच्या आसपास असेल तर अ‍ॅम्प पुरेल. तीनच्या पुढे गेला असेल तर त्याहून मोठा मागवा.