अनोळखी मनगटावरचं महागडं घड्याळ ओळखताय? या चुका टाळा

लिफ्टमध्ये किंवा रांगेत समोरच्याचं मनगट दिसतं ते जेमतेम दोन सेकंद, मग बाही खाली येते. तेवढ्यात बहुतेक जण डायलवरचं नाव वाचायला जातात आणि तिथेच वेळ घालवतात. ती अक्षरं फार बारीक असतात, त्यात काचेवर उजेड पडला तर संपलंच. नाव शेवटी ठेवा. आधी केसचा (यंत्राभोवतीच्या कवचाचा) बाह्याकार आणि ब्रेसलेट तिला कसं जोडलंय ते बघा, मग बेझल (काचेभोवतीचं कडं), मग काटे आणि डायलची मांडणी, मग चावीची बाजू. माणूस दांडा पकडतो, कप उचलतो किंवा फोन कानाला लावतो तेव्हा हे सगळं आपसूक समोर येतं.

सेकंद काटा सरकतोय म्हणजे महागडं?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रोलेक्सच्या आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या) घड्याळांचा ठोका ताशी 28,800, म्हणजे काटा सेकंदाला 8 बारीक पावलं टाकतो. पण हाच वेग कितीतरी मध्यम किमतीच्या ऑटोमॅटिक घड्याळांतही मिळतो. 21,600 वाल्या स्वस्त यंत्रात 6 पावलं पडतात, आणि चालत्या मनगटावर 6 आणि 8 मधला फरक सहसा दिसत नाही. बुलोव्हाच्या प्रिसिजनिस्टसारखी काही क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारी) घड्याळं तर त्याहूनही सफाईने सरकतात.

उलटंही खरं आहे. काटा टिकटिक करत सेकंदासेकंदाने पुढे जातो म्हणून घड्याळ किरकोळ समजू नका. ग्रँड सेइको क्वार्ट्झ घड्याळंही बनवते आणि ती स्वस्त नसतात. कार्टिए टँक क्वार्ट्झमध्येही येतं, आणि त्याच्या कित्येक मॉडेलांना सेकंद काटाच नसतो.

क्रोनोग्राफवर (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळावर) मधला लांब काटा 12 वर थांबलेला दिसला तर घड्याळ बंद आहे असं वाटतं. तो स्टॉपवॉचचा काटा, बटण दाबल्याशिवाय हलत नाही. चालू सेकंद छोट्या डायलवर शोधा: ओमेगा स्पीडमास्टरवर 9 जवळ, आजच्या रोलेक्स डेटोनावर 6 जवळ.

अष्टकोनी दिसलं की रॉयल ओक

ऑडमार पिगेचं रॉयल ओक 1972 चं, पाटेक फिलिपचं नॉटिलस 1976 चं, आणि दोन्हींची रचना जेराल्ड जेंटाची. त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे. रॉयल ओकचे कोन धारदार असतात आणि बेझलवर 8 षटकोनी स्क्रू उघडे दिसतात. नॉटिलसचे कोन गोलावलेले, समोर स्क्रू नाहीत, केसच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे उंचवटे आणि डायलवर आडव्या पट्ट्या. रॉयल ओकच्या डायलवर छोट्या चौकटींची नक्षी असते.

रॉयल ओकच्या स्क्रूंच्या खाचा बेझलच्या गोलाईत नेटक्या बसलेल्या दिसतात, कारण डोकी षटकोनी खोबणीत अडकलेली असतात आणि आवळणी मागून होते. खाचा वाकड्यातिकड्या दिसल्या तर शंका घ्यायला जागा आहे. हाच नियम हुब्लोला लावू नका. बिग बँगच्या बेझलवरचे 6 स्क्रू समोरूनच आवळतात, म्हणून त्यांच्या खाचांचे इंग्रजी एचसारखे आकार वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात आणि ते तसेच असायला हवेत.

आठ कोनांचं रेझिनचं (प्लास्टिकसारखं) घड्याळ दिसलं तर बहुधा ते कॅसिओ आहे. छान घड्याळ, पण वेगळी गोष्ट.

काळं फिरतं बेझल म्हणजे सबमरीनर

रोलेक्स सबमरीनरचा हा साचा डायव्हिंगच्या घड्याळांत सर्रास वापरला जातो. तास काट्याच्या टोकाजवळ तीन भागांत विभागलेलं वर्तुळ आहे का ते बघा, सबमरीनरवर ते असतं. तिथे चौकोनी हिऱ्यासारखा आकार असेल तर ते बहुधा ट्यूडर कंपनीचं, आणि ट्यूडरच्या ब्लॅक बे 58 ला चावीच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक खांदेही नसतात.

तारखेवरचं भिंग ही खूण लोक नको तितकी ताणतात. रोलेक्सचं भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं, त्यामुळे अंक खिडकी भरून दिसतो. नकलांमध्ये तो बऱ्याचदा लहान राहतो, पण तिरक्या कोनातून अस्सल भिंगही फसवतं. आणि भिंग नाही म्हणून रोलेक्स नाही, हा तर्क चुकीचा: एक्सप्लोररला, डेटोनाला, बिनतारखेच्या सबमरीनरला ते नसतंच.

स्पीडमास्टर की मूनस्वॉच

2022 मध्ये स्वॉचने ओमेगासोबत स्पीडमास्टरसारखं दिसणारं स्वस्त मूनस्वॉच काढलं, तेव्हापासून ही नवी अडचण झाली. आकार तोच, व्यासही तोच 42 मिलिमीटर. छोटे डायल मोजत बसू नका, त्यांच्या जागा बघा. स्पीडमास्टर मूनवॉचवर ते 3, 6 आणि 9 ला, मूनस्वॉचवर 2, 6 आणि 10 ला. लांबून हीच खूण सगळ्यात भरवशाची.

रंगावरून धातू ठरवणं

पांढरं सोनं, प्लॅटिनम आणि स्टील लांबून सारखेच दिसतात. मॉडेल ओळखा, धातू कळेल. डायलवर वरच्या कमानीत पूर्ण वार लिहिलेलं डे-डेट रोलेक्स स्टीलमध्ये बनवत नाही, त्यामुळे अस्सल असेल तर ते पांढरं दिसलं तरी स्टील नव्हे.

फोटोत चावी डावीकडे

सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह झालेली असू शकते. आधी डायलवरची अक्षरं किंवा मागची पाटी उलटी आहे का बघा. सरळ असतील तरच डावखुऱ्यांसाठीच्या मॉडेलचा विचार करा. कॅमेऱ्याजवळ धरलेलं मनगट फुगून दिसतं, म्हणून फोटोवरून व्यास सांगू नका.

खरं की खोटं?

चांगली नक्कल लांबून पकडता येत नाही. त्यासाठी घड्याळ हातात घ्यावं लागतं, कधी मागचं झाकण उघडावं लागतं. म्हणून मॉडेलपर्यंत थांबा. बोलायचंच असेल तर "स्पीडमास्टर आहे का?" एवढं विचारा. किंमत, खरेपणा आणि कुठून घेतलं हे तीन प्रश्न टाळा, मोठ्याने तर नकोच, कारण आजूबाजूचेही ऐकत असतात. चोरून फोटो काढू नका. केसचा आकार, बेझलचा रंग, काट्यांचं टोक आणि तारखेची जागा एवढं लक्षात राहिलं तर नंतर शोधायला पुरतं.