ओपन स्कूलमधून दहावी-बारावी करताय? पेपरला बसण्याआधीच अडकवणाऱ्या या चुका टाळा

माझ्या जाऊबाईंनी ३८व्या वर्षी दहावीचा फॉर्म भरला. जुलैमध्ये प्रवेश झाला, ओळखपत्र डाउनलोड झालं, पुस्तकं आली, ओट्याशेजारी कालनिर्णयच्या खाली अभ्यासाचं वेळापत्रकही चिकटलं. मार्चच्या शेवटी त्यांनी मला विचारलं, "अगं, ते हॉलतिकीट कुठनं काढायचं?" लॉगिन करून पाहिलं तर हॉलतिकीट नव्हतंच, कारण परीक्षेची फीच भरलेली नव्हती. प्रवेशाच्या पैशांतच परीक्षेचे पैसे आले असं त्यांनी धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं. एप्रिल हातचा गेला.

ही शाळा म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. फॉर्म भरणारे सगळे तिला एनआयओएस म्हणतात. १९८९ साली केंद्र सरकारने सुरू केली, मुख्यालय नोएडात, आपल्याकडचं प्रादेशिक केंद्र पुण्यात. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, बारावीसाठी १५, आणि वरची मर्यादा नाहीच. त्यामुळे दिवसभर सरावात असलेली खेळाडू मुलं, आजारपणात शाळा सुटलेली मुलं, लग्नामुळे नववीत थांबलेल्या बायका आणि प्रमोशनसाठी दहावीचं सर्टिफिकेट लागणारे कामगार एकाच परीक्षेला बसतात. अभ्यास जमला नाही म्हणून गळणारे असतातच. पण माझ्या पाहण्यातले जास्त जण कागदात आणि तारखांत गळाले. इथे घंटा वाजत नाही आणि वर्गशिक्षक वहीत सूचना लिहून देत नाहीत.

तर आधी ती परीक्षा फी. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एप्रिलच्या परीक्षेची फी साधारण डिसेंबर-जानेवारीत भरून घेतात, ऑक्टोबरची जून-जुलैच्या आसपास. त्यानंतर काही दिवस लेट फी लावून भरता येते आणि मग खिडकी बंद. नेमक्या तारखा दर वेळी जाहीर होतात, म्हणून डिसेंबर आणि जून लागले की आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचंच. फी विषयागणिक असते आणि प्रॅक्टिकलची वेगळी. पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी डॅशबोर्डवर पेमेंटची स्थिती बघा.

दुसरी चूक फॉर्म भरायला बसलात त्याच मिनिटाला होते. सायबर कॅफेवाला घाईत असतो, तुमचा ओटीपी येईपर्यंत कोण थांबणार, म्हणून तो स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. मग वर्षभराच्या सगळ्या सूचना त्याच्या फोनवर, त्याच्या इतर २०० गिऱ्हाइकांच्या मेसेजमध्ये. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा पासवर्ड असाच अडकला. कॅफे बंद झाला, नंबर बंद झाला आणि रिसेटचा ओटीपी येणार कुठे? फॉर्म कुणाकडूनही भरून घ्या, नंबर घरातलाच द्या. 'पास करून देतो, परीक्षेला आमचा माणूस बसेल' म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे बसूच नका. संस्थेची खरी वेबसाइट एनआयओएस डॉट एसी डॉट इन. तिच्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच फिरतात.

नावाचा घोळ ही आपल्या महाराष्ट्राची खास देणगी. आपल्या शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. फॉर्मवरचं नाव जन्मतारखेच्या पुराव्याशी जुळायला हवं, त्यामुळे कुठला कागद जोडणार हे आधी ठरवा आणि त्यावर आहे तस्संच, स्पेलिंगसकट, टाइप करा. लग्न झालेल्या बायकांचं दुखणं याहून मोठं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जाऊबाईंचा पहिला फॉर्म यातच लटकला होता. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो जवळ ठेवा, नसेल तर नाव बदलाचं राजपत्र करून घ्यायला वेळ लागतो हे धरून चाला. प्रवेशाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आल्यावर राजपत्राच्या मागे धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

'ऑनलाइन शाळा' हा शब्दही फसवतो. प्रवेश ऑनलाइन, पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर व्हिडिओ धडे आहेत, 'मुक्त विद्या वाणी' नावाचा त्यांचा इंटरनेट रेडिओ आहे. पण परीक्षा घरी बसून नाही. केंद्रावर जाऊन, पेनाने, उत्तरपत्रिकेत लिहायची. विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला असे विषय घेतलेत तर प्रॅक्टिकलही आहे आणि ते लेखी पेपरच्या आधी होतं. त्याचं हॉलतिकीट वेगळं, तेही आधी येतं. लेखीच्या हॉलतिकिटाची वाट बघत बसणाऱ्यांचं प्रॅक्टिकल तोवर होऊन जातं. थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्हींत स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात, त्यामुळे प्रॅक्टिकल हुकलं की लेखीत कितीही मिळाले तरी तो विषय राहतो.

टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय. 'यात पास व्हायला मार्क लागत नाहीत' असं कुणीतरी सांगतं आणि लोक ते सोडून देतात. वाक्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. टीएमएला २० टक्के वजन आहे. दिलंच नाही तर ते २० शून्य धरले जातात. आठवीनंतर पुस्तक हातात न धरलेल्या माणसाला हे २० सगळ्यात सोपे मार्क, कारण पुस्तक उघडून लिहायचं असतं. हाताने लिहा, फोनने स्कॅन करा, अपलोड करा. अपलोड केल्यावर फाइल उघडून बघायला विसरू नका. आमच्या पहिल्या पीडीएफमध्ये तिसरं पान उलटं होतं आणि चौथ्या पानावर जाऊबाईंचा अंगठा.

विषय निवडताना सोपं काय एवढंच विचारू नका, पुढे काय करायचंय ते आधी विचारा. पास होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांत एक भाषा हवीच आणि दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही घेऊन पाच मोजणारे दर वर्षी भेटतात. इंजिनिअरिंगला जायचं आणि बारावीला गणित नको, असं होत नसतं. राज्य मंडळात नापास झालेल्या मुलांना पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे मार्क इकडे आणता येतात, त्यासाठी प्रवेश घेतानाच तसं नमूद करून मार्कशीट जोडावी लागते.

घाई करणाऱ्या पालकांसाठी एक. यंदा दहावी, पुढच्या वर्षी बारावी, असं इथेही चालत नाही. दोन्हींत दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षानंतर जास्तीत जास्त चार विषय देता येतात, पाचवा दोन वर्षं पुरी झाल्यावर. मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाचं गणित मांडताना हे वर्ष हमखास विसरलं जातं. उलट बाजूने उगाच घाबरायचंही कारण नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. एका वेळी दोनच विषय द्यायचे असले तरी हरकत नाही.

आणि 'मुक्त' शब्द दिसला की सगळं एकच समजू नका. १७ नंबरचा फॉर्म राज्य मंडळाचा, खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांसाठी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पदवीचं शिक्षण देतं. तेही १९८९चंच, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. एकाच्या तारखा दुसऱ्याला लावून बसलेले दोघं तरी मला माहीत आहेत.

जाऊबाई ऑक्टोबरला बसल्या. चार विषय सुटले, गृहविज्ञानाची थिअरी राहिली. जूनमध्ये कालनिर्णयवर त्यांनी स्वतःच लाल पेनाने लिहिलंय: 'फी. बघणे.'