ऑनलाइन दप्तर कसं लावायचं: पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी

प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा फॉर्म भरायला बहुतेक जण गावातल्या नेट कॅफेत जातात. तिथे रांग असते, घाई असते, आणि कॅफेवाला ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकून मोकळा होतो. वर्षभराने नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा पासवर्ड आठवत नाही. नवा मागवला की ओटीपी जातो कॅफेवाल्याच्या मेलवर, आणि कॅफे तोवर बंद पडलेला असतो. म्हणून कॉलेजच्या कामाची सुरुवात स्वतःच्या ईमेलपासून आणि स्वतःजवळ कायम राहणाऱ्या मोबाइल नंबरपासून करा. ईमेलचं नाव साधं ठेवा: नाव, आडनाव, हवं तर एखादा आकडा. हाच पत्ता पुढे इंटर्नशिपच्या अर्जावरही जाणार आहे.

ईमेल उघडल्यावर त्याच बैठकीत टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खूण मागणारं कुलूप) चालू करा आणि फोन जवळ नसताना उपयोगी पडणारे बॅकअप कोड काढून घ्या. गूगल एका वेळी दहा कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. फोनमध्ये ठेवले तर फोन हरवल्यावर कोडही जातील, मग ते काढले कशाला? व्हॉट्सअॅपलाही सहा अंकी पिन लावून घ्या. नंबर बदलायचा असेल तर आधी बँक, आधार, ईमेल आणि शिष्यवृत्तीच्या खात्यात नवा नंबर टाका आणि मगच जुनं सिम सोडा. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजू लागतात. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवून प्रिंट काढायची सवय आता सगळीकडे आहे. ती फाइल दुकानदाराच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहते. शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. लोक इथे अडकतात, कारण ते छोटी लिपी वापरतात किंवा आडनावापासून सुरुवात करतात. कॅफेच्या कॉम्प्युटरवर काम संपलं की खात्यातून साइन आउट करा, डाउनलोड्समधली फाइल काढा आणि रीसायकल बिनही रिकामं करा. नुसता ब्राउझर बंद केल्याने खातं बंद होत नाही.

डिजीलॉकर म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय. तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. त्यात ‘इश्यूड’ आणि ‘अपलोडेड’ असे दोन कप्पे आहेत. बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून थेट आलेली गुणपत्रिका इश्यूडमध्ये येते आणि ती मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. तुम्ही फोटो काढून चढवलेली गुणपत्रिका अपलोडेडमध्ये जाते. तिचं मोल साध्या स्कॅनइतकंच, त्यामुळे पडताळणीच्या टेबलावर ती दाखवून उपयोग नाही.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती मंजूर दिसते पण पैसे आले नाहीत, ही ओरड दर वर्षी ऐकू येते. अनेकदा कारण आधार सीडिंगचं, म्हणजे आधारला बँक खातं जोडण्याचं असतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि सरकारी अनुदानासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना संमतीच्या चौकटीत टिचकी मारली असेल तर जोडणी तिकडे सरकते. जुन्या पासबुकात पैसे शोधत बसण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा. दुसरं कारण नावाचं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, किंवा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी, एवढ्यावरही अर्ज अडकतो. प्रवेशाच्या आधीच्या सुट्टीत हे दुरुस्त करून घेतलेलं बरं, कारण हंगामात आधार केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

याच काळात शिष्यवृत्तीच्या नावाने लिंक फिरू लागतात. वेबपत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडल्या की पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर पत्ता सरकारी. सुरुवातीला ‘महाडीबीटी’ लिहिलेलं असून शेवटी भलतंच काही असेल तर पान बंद करा. लग्नपत्रिका, चलन किंवा निकाल म्हणून आलेली एपीके (अँड्रॉइड अॅपची) फाइल कधीही इन्स्टॉल करू नका. ती मेसेज वाचण्याची परवानगी मागते, आणि ती दिली की ओटीपी परस्पर पळवले जातात. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे ‘घेण्यासाठी’ पिन मागणारा चोरच असतो. व्हिडिओ कॉलवरच अटक झाली असं सांगून घाबरवतात, पण ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली तरीही.

विद्यार्थी सगळ्यात सहज फसतात ते खातं भाड्याने देण्यात, आणि त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. होस्टेलवर कोणीतरी भेटतो, ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार घे’ म्हणतो, आणि एटीएम कार्ड व सिम घेऊन जातो. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलिसांचा माग खात्यापर्यंत पोचतो तेव्हा कागदोपत्री आरोपी तुम्हीच असता. खातं गोठतं, शिष्यवृत्तीही त्यातच अडकते, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे चौकशीत सिद्ध करत बसावं लागतं.

फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकण्याआधी थांबवला तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर (व्यवहाराची ओळख सांगणारा) क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमच्या बँकेचं नाव. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार पूर्ण करा आणि पोचपावतीचा क्रमांक टिपून ठेवा. चॅट डिलीट करू नका. लाज वाटून मेसेज पुसले तर पुरावाही जातो.

खात्री न करता मेसेज फॉरवर्ड केल्याने काय होतं, त्याचं उदाहरण महाराष्ट्राबाहेर शोधायची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक क्लिप मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतली होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणण्याची घोषणा केली. म्हणून क्लिप अचानक संपत असेल तर शंका घ्या. तिच्यातल्या दोन-तीन चित्रांचे स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका आणि सगळ्यात जुनी तारीख शोधा. पाच मिनिटांत सापडलं नाही तर पुढे पाठवू नका, एवढा नियम पुरतो.

वर्गाच्या ग्रुपचे अॅडमिन असाल तर घाबरण्याचं कारण नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. तरीही फक्त अॅडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी ‘ओन्ली अॅडमिन्स’ची सोय परीक्षेच्या दिवसांत लावाच, नाहीतर वेळापत्रक गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. कोणाचा खासगी फोटो संमतीशिवाय पाठवणं हा मात्र गुन्हा आहे, आणि फोटोतली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर अश्लील चित्र फोनमध्ये साठवणंसुद्धा.

राहिला अभ्यास. प्रकल्पात विकिपीडियाचा मजकूर वापरता येतो, पण त्याचा परवाना श्रेय द्यायला सांगतो. ‘इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे, लेखाचं नाव आणि दुवा द्यावा लागतो. एआयने दिलेले संदर्भ एकेक करून उघडून पाहा, कारण नसलेली पुस्तकंही ते आत्मविश्वासाने सांगतं. आणि मराठीत लिहायचं तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसतील अशा पद्धतीत. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला प्रकल्प सरांच्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून जोडावा लागतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डच्या मांडणीत ‘ळ’ शिफ्ट आणि एन दाबून येतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरपी रेघ आणि शेवटी ई. रोज अर्धा तास सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो.