डोनोव्हान ऐकायचा तर अंगठ्यापासून

साठच्या दशकातला ब्रिटिश गायक आणि गिटारवादक डोनोव्हान ऐकताना गिटार मांडीवर हवी, असं माझं ठाम मत आहे. कोथरूडला घरी मी मोठ्या माणसांना गिटार शिकवते. सी, जी, एफ आणि ए मायनर एवढे कॉर्ड जमले की प्रत्येकाला याच्याकडे आणते. तुम्हालाही तेवढं येत असेल तर पुढचं सगळं करता येईल. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चिपटी, बाजूला ठेवा. मी ज्या क्लासला जायचे तिथे बोटांनी वाजवलेलं खपतच नसे. पाच वर्षं त्यात गेली आणि ती मला अजून डाचतात.

आधी अंगठा. सगळ्यांत बारीक तार पहिली, जाड ती सहावी. सी कॉर्ड धरा आणि अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी, एवढंच वाजवत राहा. तबला कानात असेल तर अंगठा म्हणजे डग्गा आणि बोटं म्हणजे चाट. केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा: १, ३, ५, ७ अंगठ्याच्या. दोन दिवस फक्त हेच. मग चौथ्या मात्रेला मधल्या बोटाने पहिली तार, सहाव्या मात्रेला तर्जनीने दुसरी. दुसरी आणि आठवी मात्रा मोकळी सोडायची. जी कॉर्डला अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर जाईल, ए मायनरला पुन्हा पाचवी-चौथी.

घाई इथेच नडते. बोटं आली की अंगठा अडखळतो, मग लोक वेग वाढवून ते झाकतात. तसं करू नका. मी शिकणाऱ्यांना वाजवता वाजवता मंडईतल्या भाज्यांचे भाव सांगायला लावते. बोलतानाही अंगठा थांबला नाही की हात बसला समजायचं. सीवर एकटा रियाज करताना मोबाइलवर तंबोरा लावा, पांढरी एक, पंचमाचा. कॉर्डचा मूळ स्वर तोच असल्यामुळे तार जराशी उतरली तरी लगेच कळतं.

आता ऐकायला घ्या. डोनोव्हानचा जन्म १९४६चा, ग्लासगोचा. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता. पुढे कुटुंब इंग्लंडमध्ये हॅटफील्डला आलं आणि जवळच्या सेंट ऑल्बन्सच्या फोकवाल्यांत, म्हणजे लोकगीतं गाणाऱ्यांत, वावरून त्याने बोटांचं काम उचललं. 'कॅच द विंड' आलं १९६५च्या मार्चमध्ये, तेव्हा तो एकोणीसचाही नव्हता. या गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. सिंगलवर व्हायोलिनं आहेत. त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमवर ती नाहीत, तिथे तो माउथ ऑर्गन वाजवतो. तुम्ही अल्बमवरचं घ्या, गिटार मोकळी ऐकू येते. पण गाणं तीनाच्या अंगाने जातं, दादऱ्यासारखं. म्हणून सहा मात्रा मोजा, अंगठा १, ३, ५वर.

पुढच्या टप्प्याला गिटार खाली ठेवा. 'सनशाइन सुपरमॅन' नुसतं ऐका. निर्माता मिकी मोस्ट, हार्पसीकॉर्ड या जुन्या कीबोर्ड वाद्यावर जॉन कॅमेरॉन, आणि त्याच नावाच्या अल्बमवर सतारही आहे. डोनोव्हानला अमेरिकन गायक बॉब डिलनची नक्कल म्हणून उडवून लावणाऱ्यांना मी इथे तारखा दाखवते. हे गाणं डिसेंबर १९६५मध्ये ध्वनिमुद्रित झालं, १९६६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. कंपन्यांच्या करारभांडणामुळे ब्रिटनला ते मिळालं डिसेंबरमध्ये. ज्याला आपण सायकेडेलिक पॉप म्हणतो, म्हणजे स्वप्नवत, भारावलेल्या अनुभवासारखं पॉप, त्यात हा मुलगा फार लवकर शिरला होता. ते श्रेय त्याला मिळायलाच हवं.

१९६७च्या अखेरीस त्याने दोन रेकॉर्डचा संच काढला, 'अ गिफ्ट फ्रॉम अ फ्लॉवर टू अ गार्डन'. पहिली रेकॉर्ड वाद्यमेळाची, दुसरी लहान मुलांसाठी, बरीचशी नुसत्या गिटारवरची. १९६६मध्ये गांजाच्या प्रकरणात पकडला गेलेला हाच माणूस या संचात तरुणांना नशा सोडा असं सांगतो. गिटार पुन्हा उचलायची ती दुसऱ्या रेकॉर्डसाठी. माझ्याकडे नातवंडांना झोपवताना यातलं वाजवणारे एक निवृत्त बँक अधिकारी येतात. त्यांचा अंगठा आमच्या क्लासमध्ये सगळ्यांत स्थिर आहे.

१९६९नंतर मोस्टशी फाटलं, पुढे यशही ओसरलं. १९९६चा 'सूत्राज' निर्माता रिक रुबिनने केला, तो शांत अल्बम जरूर ऐका, पण नंतर.

त्याआधी १९६८ आणि हृषीकेश. महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्स होते, डोनोव्हानही पोहोचला. तिथे जॉन लेननने त्याची बोटं पाहिली आणि शिकव म्हणाला. डोनोव्हानने हेच शिकवलं: अंगठा आपला चालू, बोटं मधल्या जागेत. 'हर्डी गर्डी मॅन'ही हृषीकेशचंच. त्याच्या ध्वनिमुद्रणात गरजणारी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तिच्याखाली तंबोरा. मिरजेचा तंबोरा घरात ऐकत वाढलेल्या कानांनी तो आधी शोधावा, मग पुन्हा सुरुवातीपासून ऐकावं.

आता शेवटचा धडा. लेननने घरी परतून 'ज्युलिया' एकट्याने, गिटारवर ध्वनिमुद्रित केलं. पहिलं अर्धं मिनिट डोळे मिटून फक्त जाड तारा ऐका. मग कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावा, सी धरा आणि अंगठा चालू करा.