कन्सोलवर खेळ अडखळतो आहे? मोठा प्लॅन घेण्याआधी या चुका टाळा

ऑनलाइन सामना अडखळू लागला की बहुतेक घरांत पहिला उपाय एकच केला जातो, तो म्हणजे इंटरनेटचा प्लॅन वाढवून घेणे. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कोणी सल्ला विचारला तर प्लॅनचा आकडा मी ऐकूनही घेत नाही. १०० जीबीचा खेळ १०० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला सुमारे सव्वादोन तास लागतात आणि ३०० एमबीपीएसवर पाऊण तास. मोठ्या प्लॅनचा फायदा एवढाच. प्रत्यक्ष खेळताना बहुतेक खेळांना एक-दोन एमबीपीएसही पुरतात. तेव्हा महत्त्व असते ते पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, मिलिसेकंदांत) किती कमी आहे, तो किती स्थिर राहतो आणि वाटेत पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, गळतात का, याला.

माझ्या भाच्याने एक्सबॉक्स सीरिज एससाठी प्लॅन तिप्पट करून घेतला आणि शिवाय नवा महागडा राउटरही आणला. तरीही मित्रांचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता आणि त्याच्या सामन्यात कोणाला शिरता येत नव्हते. "मामा, कन्सोलच खराब निघाला," असे तो ठामपणे सांगत होता. मी कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन चाचणी लावली, तेव्हा पडद्यावर 'डबल नॅट' सापडल्याची सूचना स्पष्ट लिहून आली. नॅट म्हणजे घरातली सगळी उपकरणे एकाच पत्त्यामागे ठेवण्याचे राउटरचे काम, आणि ते दोन राउटर एकामागोमाग करू लागले की डबल नॅट. घरात फायबर ज्या डब्यात येते तो कंपनीचा डबा स्वतःच राउटरचे काम करत होता आणि नवा राउटर त्याच्या मागे दुसरा राउटर म्हणून बसवलेला होता. भाच्याने एक व्हिडिओ पाहून नव्या राउटरवर ३०७४ क्रमांकाचा पोर्ट (बाहेरची जोडणी आत येण्याचे दार) उघडला होता, पण बाहेरच्या डब्याला त्याची काहीच कल्पना नसल्याने बाहेरून आलेली जोडणी पहिल्याच दारात अडत होती. मी नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो फक्त वायफाय देऊ लागला, कंपनीच्या डब्यात यूपीएनपी (कन्सोलला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू केले, कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला आणि नॅट टाइप 'ओपन' झाला, म्हणजे बाहेरच्या जोडण्यांना वाट मोकळी झाली. या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि नवे काही विकत घ्यावे लागले नाही. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे राउटरचे काम नव्या राउटरकडे सोपवूनही हे होते, परंतु त्यासाठी जोडणीचे यूजरनेम आणि पासवर्ड हाताशी लागतात. म्हणून मी आधी ॲक्सेस पॉइंटचाच मार्ग धरतो.

हे करूनही नॅट उघडले नाही, तर कंपनीच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला इंटरनेट पत्ता, पाहावा. त्याचे सुरुवातीचे आकडे १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असतील, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. अशा वेळी घरातली कोणतीही सेटिंग कामाला येत नाही आणि पोर्ट उघडण्यात रात्री घालवणे व्यर्थ असते. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागावा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

कन्सोल डीएमझेडमध्ये टाकून, म्हणजे त्याच्यासाठी सगळे पोर्ट सरसकट उघडून, मोकळे होण्याचा सल्ला मी देत नाही, कारण मूळ दोष कुठे होता हे त्यातून कधीच कळत नाही. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने सामन्यातला पिंग कमी होत नाही.

वायफायच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक जागेची असते. मुख्य दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत राउटर बंद करायचा, टीव्हीमागच्या कप्प्यात कन्सोल कोंबायचा आणि मधल्या काँक्रीटच्या भिंतींचा विचारच करायचा नाही, असे घरोघरी दिसते. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे दाटीवाटीच्या इमारतीत शेजारच्या सगळ्या राउटरांशी त्याला झगडावे लागते. माझा आग्रह केबलचाच असतो. केसिंग-पट्टीतून कॅट ६ ची तार एकदा ओढून घेतली की वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही.

मात्र तार ओढल्यावर ती तपासली पाहिजे. एका घरी केबल लावूनही डाउनलोड ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. मी तीच तार लॅपटॉपला लावली, तर लिंक स्पीड, म्हणजे तारेवर ठरलेला वेग, १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला. कनेक्टर प्रकाशात धरून पाहिला, तेव्हा आठपैकी चारच तारा पुढच्या टोकापर्यंत पोचलेल्या होत्या. बाकीच्या चार मागेच कापून टाकल्या होत्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर क्रिंप केल्यावर तीच केबल पूर्ण वेगाने चालू लागली. घाईने काम उरकणाऱ्यांमुळे असे दोष भिंतीत वर्षभर दडून राहतात, म्हणून तार टाकणारा माणूस घरातून जाण्याआधी लॅपटॉप लावून लिंक स्पीड पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

ठरावीक वेळीच पिंग वीसवरून दोनशेवर उडी मारत असेल, तर त्या वेळी घरात कोण काय अपलोड करत आहे ते विचारावे. फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की अपलोडची रांग तुंबते आणि खेळाची छोटी पॅकेट तिच्यामागे ताटकळत राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा हे ठरवणारी सोय) असल्यास अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. नसल्यास फोनचा बॅकअप रात्री सगळे झोपल्यावर होईल असे पाहावे.